हिशेबाची डेटाफाइल फुगली तर: आकार कमी करा, नोंद सांभाळा

सकाळी दुकानात टॅली उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात. बॅकअप पेनड्राइव्हमध्ये मावत नाही. दोघं एकदम बिलं बनवायला बसले की स्क्रीन अडकते. मार्च-एप्रिल आला की आपल्या व्यापारी बांधवांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. हार्डवेअरचं दुकान असो, बेकरी असो, कापडाचा होलसेल असो की पॉवरलूमचा कारखाना, बऱ्याच ठिकाणी आठ-दहा वर्षांचा सगळा व्यवहार एकाच कंपनीत, एकाच फाइलमध्ये साठत गेलेला असतो.

मग कुणीतरी सल्ला देतो, ‘जुना डेटा उडवून टाका, सिस्टीम मोकळी होईल.’ हाच सल्ला सगळ्यात महागात पडतो. फाइलचा आकार कमी करण्याचा खरा अर्थ एवढाच की जुनी वर्षं बाजूच्या कपाटात नीट लावून ठेवायची आणि रोजच्या टेबलावर फक्त चालू काम ठेवायचं. कपाट जाळायचं नाही. हे काम टॅलीत कसं करायचं, अ‍ॅक्सेस आणि एसक्यूएल सर्व्हरवर चालणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कसं करायचं आणि जुना हिशेब किती वर्षं जपायचा, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

हिशेब ही अमानत आहे

पवित्र कुरआनातली सर्वांत मोठी आयत सूरह अल्-बकराची २८२ वी आहे आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याची नोंद. मुदतीचं कर्ज असेल तर ते लिहून ठेवावं, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि साक्षीदार असावेत, असं मार्गदर्शन त्यात आहे. पूर्वी आपले बापजादे लाल कापडाच्या वहीत हे लिहीत. आज ती वही म्हणजे कॉम्प्युटरमधला एक फोल्डर आहे. त्यात कुणाचं किती देणं आहे, कुणाकडून किती येणं आहे, भागीदाराचं भांडवल किती आहे, हे सगळं आहे. म्हणून त्याला हात लावताना वहीचं पान फाडताना जेवढा विचार करू, तेवढाच विचार करायला हवा.

आधी मोजा: नेमकं काय फुगलंय?

उपाय करण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

टॅलीत प्रत्येक कंपनीचा डेटा एका क्रमांकाच्या फोल्डरमध्ये असतो, उदाहरणार्थ १००००. कंपनी निवडताना नावासोबत हा क्रमांक दिसतो. तो फोल्डर शोधा, त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा आणि आकार कागदावर तारखेसह लिहून ठेवा. हाच आकडा पुढे कामी येईल.

पुष्कळदा फुगलेली असते ती दुसरीच गोष्ट. टॅलीतून एक्सपोर्ट केलेल्या पीडीएफ आणि एक्सेल फाइल्स वेगळी जागा दिली नाही तर टॅलीच्याच फोल्डरमध्ये पडत राहतात. जुने बॅकअपही तिथेच साठतात. मग ‘टॅली खूप मोठी झाली’ असं वाटतं, पण कंपनीचा डेटा त्यातला थोडासाच असतो. अशा फाइल्स दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या की जागा मोकळी होते आणि हिशेबाला धक्काही लागत नाही.

तिसरी गोष्ट कॉम्प्युटरची. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल किंवा वायफायवरून दुसऱ्या मशीनचा डेटा उघडत असाल, तर मध्यम आकाराची फाइलसुद्धा रडत चालते. अशा वेळी एसएसडी बसवणं आणि केबलचं नेटवर्क टाकणं हा डेटा कापण्यापेक्षा सोपा उपाय ठरतो. डेटाचं ऑपरेशन त्यानंतर.

फाइल का फुगते?

फाइलचं वजन नोंदींच्या संख्येवर आणि प्रत्येक नोंदीतल्या तपशिलावर अवलंबून असतं. समजा एका किराणा दुकानात दिवसाला १५० बिलं होतात आणि वर्षात ३०० दिवस दुकान चालतं. म्हणजे वर्षाला ४५,००० व्हाउचर झाले. प्रत्येक बिलात सरासरी सहा वस्तू धरल्या तर स्टॉकच्या २,७०,००० ओळी होतात. त्यात बॅच नंबर, एक्सपायरी, गोडाऊन, कॉस्ट सेंटर, बिलवार उधारी असं सगळं चालू असेल तर प्रत्येक ओळ आणखी जाड होते.

इथे कायद्याने दिलेली एक सवलत उपयोगी आहे. बिल २०० रुपयांपेक्षा कमी असेल, गिऱ्हाईक जीएसटी नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर प्रत्येकाचं वेगळं बिल न करता दिवसाअखेर एकच एकत्रित बिल करता येतं. चहा, बिस्किट, पाव विकणाऱ्या काउंटरवर यामुळे नोंदी खूप कमी होतात. पण २०० रुपये आणि त्यावरची बिलं फाइल हलकी राहावी म्हणून एकत्र करू नका. तो नियमभंग होईल.

आणखी एक कारण म्हणजे एडिट लॉग. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांनी, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेडसुद्धा, १ एप्रिल २०२३ पासून असंच सॉफ्टवेअर वापरायचं आहे ज्यात प्रत्येक बदलाचा माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. एखादं बिल पाच वेळा बदललं तर पाचही वेळची नोंद राहते, त्यामुळे डेटा वाढतो. हे वजन कायद्याने ठरवून दिलेलं आहे, ते कमी करायला जाऊ नका. मालकी हक्काच्या दुकानाला आणि साध्या भागीदारी फर्मला हा नियम लागू नाही.

डिलीट करूनही आकार का कमी होत नाही?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बहुतेक डेटाबेसमध्ये नोंद डिलीट केली की ती जागा ‘रिकामी’ म्हणून खूण केली जाते, पण फाइल आक्रसत नाही. भाडेकरू खोली सोडून गेला तरी इमारत तेवढीच राहते, तसंच हे. पुढच्या नोंदी त्या रिकाम्या जागेत येऊन बसतात. फाइल खरोखर लहान व्हायची असेल तर सगळा डेटा उचलून नव्याने, दाटीवाटीने मांडावा लागतो. अ‍ॅक्सेसमध्ये त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये श्रिंक.

म्हणजे जुनी बिलं हाताने डिलीट करत बसण्यात दुहेरी तोटा आहे. आकार फारसा उतरत नाही आणि उधारीचे, स्टॉकचे, बँकेचे आकडे मात्र हलतात. २०१९ ची एक पावती डिलीट झाली की त्या गिऱ्हाइकाचं आजचं बॅलन्सही बदलतं.

पहिली पायरी: तपासलेला बॅकअप

कुठलंही काम बॅकअपशिवाय सुरू करू नका. आणि बॅकअप म्हणजे उघडून पाहिलेला बॅकअप.

१. सगळ्या मशीनवर टॅली बंद करा. चालू असताना घेतलेली कॉपी अर्धवट असू शकते.

२. कंपनीचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. शिवाय टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनूतून बॅकअपसुद्धा घ्या.

३. तो बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा. रिस्टोरची जागा निवडताना डोळे उघडे ठेवा. चालू डेटाचाच फोल्डर दिला तर आजच्या डेटावर जुना डेटा बसेल.

४. रिस्टोर केलेली कंपनी उघडा. ट्रायल बॅलन्स, रोख शिल्लक आणि शेवटच्या बिलाचा नंबर मूळ कंपनीशी जुळवा.

एक कॉपी दुकानाबाहेर, घरी किंवा विश्वासू भागीदाराकडे असू द्या. आग, पुराचं पाणी किंवा व्हायरस आला तर दुकानातल्या सगळ्या कॉपी एकदमच जातात. गुगल ड्राइव्हवर बॅकअपची झिप फाइल ठेवायला हरकत नाही, पण तिला पासवर्ड लावा, आणि टॅलीचा चालू फोल्डर सिंक होणाऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवू नका. टॅली लिहीत असताना ड्राइव्हही त्याच फाइलला हात घालतो आणि डेटा बिघडू शकतो.

टॅलीत स्प्लिट कसं करावं?

टॅलीत डेटा हलका करण्याची अधिकृत सोय म्हणजे स्प्लिट. ठरवलेल्या तारखेला जुना काळ आणि नवा काळ वेगळा होतो. त्या तारखेआधीचं क्लोजिंग बॅलन्स नव्या कंपनीचं ओपनिंग बॅलन्स बनतं आणि नव्या कंपनीत फक्त त्यानंतरचे व्यवहार राहतात.

कुठल्या तारखेला तोडायचं? नेहमी १ एप्रिलला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला. चालू वर्ष आणि त्याआधीची दोन पूर्ण वर्षं रोजच्या कंपनीत ठेवा. गिऱ्हाईक मागचा हिशेब मागतं, सीए तुलना मागतात, नोटीस येते. हे बहुतेक सगळं या तीन वर्षांत भागतं.

स्प्लिटआधी ही कामं उरकून घ्या:

• ज्या वर्षापर्यंत तोडायचं आहे त्या वर्षाचं ऑडिट आणि जीएसटीचे रिटर्न पूर्ण झालेले असावेत. नंतर त्या काळात बदल करायचा नाही.

• माल पाठवला पण बिल केलं नाही, किंवा माल आला पण खरेदी बिल चढवलं नाही, अशा अर्धवट नोंदी पूर्ण करा.

• परदेशी चलनात व्यवहार असतील, जसं आखाती देशांत माल पाठवणारे, तर विनिमय दराचा न जिरवलेला नफा-तोटा जर्नल एन्ट्रीने जिरवा. तो राहिला तर स्प्लिट अडतं.

• कुठल्याही नोंदीत गडबड वाटत असेल तर आधी कॉपीवर रिपेअर चालवा. टॅली ईआरपी ९ मध्ये हेच काम कंट्रोल, ऑल्ट आणि आर दाबून होतं आणि त्याला रीराइट म्हणतात. रिपेअर डेटा दुरुस्त करण्यासाठी असतं. त्याने आकार फार उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मग काम सुरू करा, तेही आधी कॉपीवर. डेटा मेनूत स्प्लिट निवडा. आधी व्हेरिफाय चालवा, ते चुकांची यादी देतं. एकेक चूक दुरुस्त करा आणि यादी रिकामी होईपर्यंत पुन्हा व्हेरिफाय करा. त्यानंतर तारीख देऊन स्प्लिट करा. डेटा मोठा असेल तर वेळ लागतो, म्हणून जुमाच्या सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री दुकान बंद झाल्यावर करा. लॅपटॉपची बॅटरी किंवा इन्व्हर्टर तयार ठेवा, मध्येच वीज जाता कामा नये.

कंपनीच्या नावात कालावधी असू द्या. नाहीतर सहा महिन्यांनी मुनीमजी चुकून जुन्या कंपनीतच बिलं टाकत बसतात. जुन्या कंपनीला वेगळा पासवर्ड लावून फक्त पाहण्याची परवानगी ठेवली तर हा धोका टळतो.

स्प्लिटनंतर पाच गोष्टी जुळवा

मूळ कंपनीची ३१ मार्चची स्थिती आणि नव्या कंपनीची १ एप्रिलची सुरुवात समोरासमोर ठेवा:

१. ट्रायल बॅलन्सची बेरीज आणि प्रत्येक ग्रुपची रक्कम.

२. रोख आणि प्रत्येक बँक खात्याची शिल्लक.

३. स्टॉकचे नग आणि किंमत दोन्ही. नुसती किंमत जुळून चालत नाही.

४. येणी आणि देणी बिलवार. एकूण रक्कम जुळली पण बिलांच्या तारखा हरवल्या तर वसुली कुणाकडून कधीची करायची हे कळत नाही.

५. भागीदारांची भांडवल खाती.

पाचही जुळले की दोन्ही बाजूंच्या प्रिंटवर तारीख टाकून सही करा, सीएंना दाखवा आणि मगच नवी कंपनी रोजच्या कामाला घ्या. एक जरी आकडा हलला तर स्प्लिट रद्द समजा. मूळ डेटा जागेवर आहे, तो पुन्हा घ्या, चूक शोधा आणि परत करा. शेवटी नव्या फोल्डरचा आकार बघून आधी कागदावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

काही जण स्प्लिटऐवजी नवी कंपनी काढून बॅलन्स हाताने चढवतात. छोट्या धंद्यात हे चालतं, पण शेकडो बिलांची उधारी हाताने टाकताना चूक होणारच. पाच मुद्द्यांची पडताळणी तिथेही तितकीच गरजेची.

अ‍ॅक्सेसवर चालणारं सॉफ्टवेअर

अनेक जुनी बिलिंग सॉफ्टवेअरं, शाळांच्या फीचे प्रोग्राम, जमाअतच्या सभासद नोंदी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये बनवलेल्या असतात. अ‍ॅक्सेसच्या एका फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे. ती भरली की नवी नोंद घेतली जात नाही आणि फाइल बिघडण्याची भीती असते. १.५ जीबीच्या पुढे गेली की हालचाल करा.

उपाय सोपा आहे. सगळ्यांनी प्रोग्राम बंद करायचा, फाइलची कॉपी घ्यायची आणि डेटाबेस टूल्समधून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवायचं. अ‍ॅक्सेस डेटा नव्या फाइलमध्ये दाटून लिहितो, त्यामुळे डिस्कवर तेवढी मोकळी जागा आधी असावी लागते. ज्या फाइलमध्ये भरपूर डिलीट आणि तात्पुरत्या टेबलांची ये-जा असते ती यामुळे बरीच उतरते.

कॉम्पॅक्ट करूनही फाइल मोठीच राहिली तर आत फोटो किंवा स्कॅन कागद आहेत का बघा. सभासदांचे फोटो, आधारच्या कॉपी डेटाबेसमध्ये ठेवण्याऐवजी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता ठेवा. मात्र त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा घ्यायला विसरू नका.

एसक्यूएल सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर

मेडिकल स्टोअर, सुपरमार्केट, हॉस्पिटल यांची सॉफ्टवेअरं बहुधा एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीवर चालतात. २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेस आवृत्त्यांमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की बिल सेव्ह होत नाही.

इथे दोन फाइल्स असतात, एक डेटाची आणि एक लॉगची. वरची मर्यादा डेटाफाइलला लागू आहे. पण डिस्क भरते ती पुष्कळदा लॉगफाइलमुळे. डेटाबेस फुल रिकव्हरी पद्धतीवर ठेवलेला असतो आणि लॉगचा बॅकअप कधीच घेतलेला नसतो, मग लॉग वाढतच राहतो. त्यावर उपाय म्हणजे लॉगचा नियमित बॅकअप लावणं. रोज एक पूर्ण बॅकअप पुरेसा असेल तर सिंपल रिकव्हरी पद्धत घ्यावी. त्यानंतर लॉगफाइल एकदा श्रिंक करावी. लॉगफाइल हाताने डिलीट कधीच करू नका, डेटाबेस उघडणारच नाही अशी वेळ येऊ शकते.

डेटाफाइल वारंवार श्रिंक करणंही बरं नाही. श्रिंक करताना इंडेक्स विस्कटतात, शोध मंदावतो आणि पुढच्या बिलांना जागा लागते म्हणून फाइल परत वाढते. ऑटो श्रिंक बंदच ठेवा. जुनी वर्षं दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवल्यावर एकदा श्रिंक, मग इंडेक्स पुन्हा बांधणं, एवढंच करा. हे काम सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडूनच करून घ्या, पण बॅकअपची कॉपी आधी आपल्या ताब्यात ठेवा.

जुना हिशेब किती वर्षं ठेवायचा?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न भरण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे तो हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवा. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, किंवा हे ७२ महिने, यातलं जे नंतर संपेल ते. कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार कंपन्यांना मागची आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात.

उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली दिली तर ती मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. त्यामुळे ‘तीन वर्षं झाली, आता काय उपयोग’ असं म्हणून नोंद टाकून देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार कॉम्प्युटरमधली नोंद प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून मांडता येते. स्प्लिटआधीचा मूळ फोल्डर जसाच्या तसा जपण्याचं हेही एक कारण आहे.

जकात, भागीदारी आणि वारसा

कायद्याची मुदत संपली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं होत नाही.

जकातचं वर्ष चांद्र असतं, सुमारे ३५४ दिवसांचं. भारतात २०२४ मध्ये रमजान १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला सुरू झाला. ज्यांचा जकातचा दिवस १ रमजान आहे त्यांच्यासाठी या दोन्ही तारखा १ एप्रिलच्या आधी येतात. १ एप्रिल २०२५ ला फाइल तोडली तर २ मार्चची रोख, येणी आणि स्टॉक नव्या कंपनीत दिसणारच नाहीत. म्हणून स्प्लिटआधी प्रत्येक वर्षाच्या जकात तारखेची रोख, बँक, स्टॉक, येणी आणि देणी यांची प्रिंट काढून एका फाइलीत लावा. टॅली स्टॉकची किंमत साधारणपणे खरेदी दराने दाखवते, जकातसाठी बाजारभाव बघावा लागतो, म्हणून नगांची यादीही हवी. येणं असलेल्या आणि बुडण्याची शक्यता असलेल्या उधारीवर जकात कशी, याचे तपशील मसलकनुसार वेगळे आहेत. कोकणात शाफई, देशावर बहुतेक हनफी, तेव्हा आपापल्या आलिमांना विचारा. मागच्या वर्षांची जकात राहून गेली असेल तर तिचा हिशेब करायला जुनी कंपनीच लागणार आहे.

सूरह अन्-निसाच्या ११ आणि १२ व्या आयतींत वारसांचे हिस्से सांगितले आहेत, ते वसीयत आणि कर्ज यांची पूर्तता झाल्यानंतरचे. अब्बांचा इंतकाल झाला आणि दहा वर्षांपूर्वी एखाद्या नातेवाइकाने ठेवायला दिलेली रक्कम फक्त जुन्या फाइलमध्ये नोंदलेली असेल, तर ती फाइल उडवणारा मुलगा नकळत मय्यतच्या डोक्यावर कर्ज ठेवून जातो. भावाभावांत, चुलत्यांत धंदा वाटून घेतानाही भांडण होतं ते जुन्या भांडवलाच्या आकड्यावरूनच. मस्जिद, मदरसा आणि बैतुलमालच्या हिशेबालाही हेच लागू आहे. तिथे तर पैसा दुसऱ्याचा असतो.

म्हणून जुन्या वर्षांचे ट्रायल बॅलन्स, ताळेबंद, भांडवल खाती, कर्ज आणि ठेव खाती पीडीएफमध्येही काढून ठेवा. सॉफ्टवेअर बदलतं, पीडीएफ वीस वर्षांनीही उघडेल अशी शक्यता जास्त. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली की जुनी कंपनीसुद्धा एकदा त्यात उघडून बघा.

पुढे फुगू नये म्हणून

• एक्सपोर्टसाठी वेगळा फोल्डर ठरवा.

• लागत नसतील ते तपशील बंद ठेवा. एक्सपायरी नसलेल्या मालाला बॅच कशाला?

• दर तीन महिन्यांनी फोल्डरचा आकार लिहून ठेवा. एकदम उडी दिसली तर कारण शोधा.

• दर दोन-तीन वर्षांनी, ऑडिट झाल्यावर, स्प्लिटचा विचार करा.

• दर महिन्याला एक बॅकअप रिस्टोर करून बघा.

• चोरीचं, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरू नका. त्यातून व्हायरस येतो, डेटा बिघडला तर दाद मागायला कुणी नसतं, आणि हलाल कमाईचा हिशेब चोरीच्या साधनावर ठेवणं शोभतही नाही.

जुन्या हार्ड डिस्कवर कंपनीचं नाव, कालावधी, कॉपी केल्याची तारीख आणि पासवर्ड कुणाकडे आहे हे कागदावर लिहून चिकटवा. घरातल्या किमान एका व्यक्तीला, बेगमना किंवा मोठ्या मुला-मुलीला, ही डिस्क कुठे आहे आणि कशी उघडायची हे आजच दाखवून ठेवा.